गाळा नंबर चार : न्यू जर्सीच्या गांजा-कौलानंतरचे एक प्रकरण

प्रकरण कुणाचे

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत राहणारे एक मराठी जोडपे. मी त्यांना काका-काकू म्हणतो, इथेही तेच म्हणेन. त्यांचे टॅक्सचे कागद दरवर्षी माझ्याकडे येतात, त्यामुळे हे प्रकरण पहिल्या फोनपासून माझ्यासमोर घडले. दोघांच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, गाळ्यांचे वर्णन आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. गांजा कायदेशीर करण्याचे २०२० चे सार्वमत, त्यानंतरचा कायदा, त्यांच्या तारखा आणि करांचे दर मात्र जसेच्या तसे आहेत.

काका नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आले आणि यथावकाश इथले नागरिक झाले. काकू एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतात. त्यांनी वीसेक वर्षे ग्रीन कार्डवरच काढली, कारण "पासपोर्ट दिला की माहेर संपलं" हे मनात घट्ट बसलेले. २०१९ मध्ये त्यांची साताऱ्याची आई गेली, आणि त्यानंतर त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचे ठरवले. मध्ये कोविड आला. अर्ज प्रत्यक्षात गेला जानेवारी २०२१ मध्ये. हा महिना लक्षात ठेवावा, सगळा पेच पुढे त्याच्याभोवतीच फिरतो.

दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेली एक एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी आहे, आणि तिच्या नावावर हायवेलगतचा चार गाळ्यांचा छोटा प्लाझा. लाँड्रोमॅट, पिझ्झावाला, विमा एजंट आणि चौथ्या गाळ्यात कराटे क्लास. कराटेवाल्या मास्तरांनी २०२० च्या उन्हाळ्यात किल्ल्या परत दिल्या. त्यानंतर काचेवर 'फॉर लीज'ची लाल पाटी आणि आत गुंडाळून ठेवलेल्या निळ्या मॅट, एवढेच उरले होते.

पार्श्वभूमी : कौल कसा लागला

न्यू जर्सीत कॅलिफोर्निया किंवा कोलोरॅडोसारखी सोय नाही. तिथे नागरिक सह्या गोळा करून एखादा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आणू शकतात. इथे राज्याच्या घटनेतल्या दुरुस्तीचा प्रश्न लोकांपुढे ठेवायचा की नाही, हे विधिमंडळच ठरवते. औषधी गांजाला राज्याने २०१० च्या जानेवारीतच मान्यता दिली होती. फिल मर्फी २०१७ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले ते करमणुकीसाठीचा गांजाही कायदेशीर करण्याचे आश्वासन देऊन. पण मार्च २०१९ मध्ये सिनेटमध्ये पुरेशी मते जमेनात आणि ठरलेले मतदान ऐनवेळी रद्द झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने चेंडू मतदारांच्या अंगणात टाकला. माझ्या मते हा धाडसाचा निर्णय नव्हता, अंग काढून घेण्याचा होता. ज्या विषयावर आमदारांना नाव लावून मत द्यायचे नव्हते, त्यावर त्यांनी आम्हाला मत द्यायला लावले.

कोविडमुळे २०२० ची मतपत्रिका प्रत्येक सक्रिय मतदाराच्या घरी टपालाने आली. काकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन लिफाफे होते, एक काकांचा आणि एक मुलाचा. काकूंच्या नावाचा लिफाफा असणार नव्हताच. ग्रीन कार्डवाल्याने मत टाकणे तर दूरच, चुकून मतदार म्हणून नाव नोंदवले तरी देशाबाहेर जायची पाळी येऊ शकते.

त्या वर्षी राज्याचे तीन प्रश्न होते. पहिला गांजाचा. दुसरा शांततेच्या काळात सेवा केलेल्या माजी सैनिकांना मालमत्ता करात सवलत देण्याचा. तिसरा जनगणना लांबली तर मतदारसंघांची फेररचना पुढे ढकलण्याचा. काकांनी काळ्या पेनने पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो असे गोल भरले आणि तिसरा कोरा ठेवला. मुलाने पहिल्यावर हो भरले. "झालं, घरातली दोन मतं एकमेकांना कापून गेली," काकू ओट्याकडून म्हणाल्या. स्वतः काकू मात्र ठामपणे 'हो'च्या बाजूच्या होत्या. त्यांच्या लॅबमधल्या एका कृष्णवर्णीय सहकारी बाईच्या मुलाला खिशात सापडलेल्या चिमूटभर गांजासाठी अटक झाली होती. पुढे प्रत्येक नोकरीच्या अर्जात ती अटक आडवी येत राहिली. न्यू जर्सीत गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त होते. काकूंना हा आकडा माहीत नव्हता, पण ती बाई रोज डब्याला शेजारी बसायची.

३ नोव्हेंबर २०२० ला सुमारे ६७ टक्के मतदारांनी हो म्हटले. प्रश्नाचा मजकूर छोटाच होता. 'कॅनबिस' नावाने ओळखला जाणारा नियंत्रित गांजा कायदेशीर करायला मान्यता आहे का. तो २१ वर्षांवरच्यांनाच मिळेल. त्यावर राज्याचा विक्रीकर लागेल. विधिमंडळाने परवानगी दिल्यास गावांना स्थानिक कर लावता येईल. संपले.

कराचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. वॉशिंग्टन राज्याने ३७ टक्के अबकारी कर ठेवला होता. कोलोरॅडोत घाऊक पातळीवर १५ आणि किरकोळ विक्रीवर १५ टक्के बसतो. न्यू जर्सीने नेहमीचा ६.६२५ टक्के विक्रीकर आणि गावाचा जास्तीत जास्त २ टक्के, एवढ्यावरच भागवायचे ठरवले, आणि हे बंधन घटनादुरुस्तीतच घातले. कर फार चढवला तर गिऱ्हाईक पुन्हा कोपऱ्यावरच्या विक्रेत्याकडे जाणार, हे त्यामागचे गणित. पुढे विधिमंडळाने लागवड करणाऱ्यांवर 'सामाजिक समता शुल्क' बसवले. नाव 'शुल्क' आहे, 'कर' नाही. आम्हा हिशेबनीसांना असल्या नामकरणाचे मोठे कौतुक वाटते.

प्रश्नात काय नव्हते

घरी रोप लावता येईल का, दुकाने किती आणि कुठे, जुन्या खटल्यांचे काय, एकवीसच्या आतल्या मुलांकडे सापडला तर काय? यातले काहीच मतपत्रिकेवर नव्हते. घटनादुरुस्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली, पण अंमलबजावणीचा कायदा अल्पवयीनांच्या शिक्षेवर अडला आणि मर्फींची सही झाली २२ फेब्रुवारीला. मधले सात-आठ आठवडे घटनेत कायदेशीर आणि कायद्याच्या पुस्तकात गुन्हा, अशी त्रिशंकू अवस्था होती. घरच्या रोपाचे उत्तर शेवटी 'नाही' असेच आले. काकूंच्या मागच्या अंगणात अळू आहे, मेथी आहे, हिवाळ्यात आत आणला जाणारा कढीपत्ता आहे. पण सहा औंस गांजा बाळगायला मोकळीक असलेल्या या राज्यात गांजाचे एक रोप लावणे अजूनही गुन्हा आहे.

काकांचा विरोध तसा सोवळा नव्हता. महाशिवरात्रीच्या भांगेच्या गोष्टी ते रंगवून सांगतात, बनारसमधली सरकारी परवान्याची भांगेची दुकाने त्यांनी पाहिलेली आहेत. ब्रिटिशांनी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगानेही सरसकट बंदीपेक्षा परवाने आणि कर बरे, असाच सल्ला दिला होता. मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, ते ठीक आहे. पण माझ्या गल्लीत नको." पुढे कळले की अख्ख्या राज्याचेच म्हणणे हेच होते.

पेच

मार्च २०२१ मध्ये एका दलालाचा काकांना फोन आला. एक कंपनी किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी अर्ज करणार होती आणि तिला हायवेवर, पार्किंगसकट, शाळेपासून लांब जागा हवी होती. पूर्ण परवान्यासाठी जागा ताब्यात असल्याचा पुरावा आणि गावाची संमती लागते. त्यामुळे अर्ज सुरू व्हायच्या कितीतरी आधीच असे दलाल राज्यभर गाळे बांधून ठेवायच्या मागे लागले होते. देकार दोन भागांत होता. परवाना मिळेपर्यंत गाळा राखून ठेवण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम, आणि दुकान सुरू झाले की कराटेवाल्याच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त भाडे, दहा वर्षांसाठी.

नऊ महिने रिकामा गाळा, कर्जाचा हप्ता चालू, लाँड्रोमॅटवालाही भाडे अर्धे-अर्धे देत होता. मतपत्रिकेवर नाही म्हटलेल्या काकांनी दलालाला गाळा दाखवला, चार ईमेल पाठवले आणि मग मला फोन केला. "आता कायदेशीर आहे ना? मग माझं मत काय होतं त्याचा काय संबंध? दारूचं दुकान नसतं का मी ठेवलं?"

मी स्प्रेडशीट केली. रकाने सुरेख जमले. काकूंच्या अर्जाचा रकाना त्यात नव्हता. तो अर्ज गेल्याचे मला ठाऊक होते, तरीही नव्हता.

काकूंना हे कळले तीन आठवड्यांनी, तेही एलएलसीच्या वतीने दोघांच्या सह्या हव्यात असा मजकूर दलालाकडून आला तेव्हा.

एका सहीत अडकलेल्या चार गोष्टी

पहिली इमिग्रेशनची. गांजा राज्यात कायदेशीर झाला तरी केंद्राच्या कायद्यात तो हेरॉइनच्याच यादीत होता, आणि नागरिकत्व देणे हे केंद्राचे काम. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट मार्गदर्शन काढले होते: राज्याने मोकळीक दिली असली तरी गांजासंबंधी केंद्रीय कायद्याचा भंग हा 'चांगल्या चारित्र्या'च्या अटीत अडथळा ठरू शकतो, आणि त्यात या उद्योगातली नोकरीही येऊ शकते. मग भाडे घेणाऱ्या मालकिणीचे काय? काकूंच्या वकीलबाईंनी सरळ सांगितले की यावर हो किंवा नाही असे कुणीही लेखी देणार नाही. "पण मुलाखतीत विचारलं तर तुम्ही खोटं बोलायचं नाही. आणि खरं बोलल्यावर काय होईल, ते माझ्या हातात नाही."

(जाता जाता. दुकानाबाहेर पाटी आहे, पोलीस काही म्हणत नाहीत, म्हणजे आपल्यालाही चालते, असा समज एच-वन (नोकरीच्या) आणि एफ-वन (शिक्षणाच्या) व्हिसावरच्या आपल्या मुलांमध्ये सर्रास आहे. नागरिक नसलेल्याला व्हिसा खिडकीवर किंवा विमानतळावर दिलेली नुसती कबुलीही महागात पडू शकते. ज्यांच्या घरी पुतणे-भाचे शिकायला आहेत त्यांनी हे एकदा जेवणाच्या टेबलावर बोलून घ्यावे.)

दुसरी बँकेची. काकांच्या कर्जाच्या करारात, बाविसाव्या पानावर, मालमत्तेचा वापर 'केंद्र, राज्य आणि स्थानिक' अशा सर्व कायद्यांना धरून असेल, असे कलम होते. मोडले तर बँक संपूर्ण कर्ज एकदम मागू शकते. काकांनी २००९ मध्ये या कागदावर सही केली होती. "हे वाचलंच नव्हतं," ते म्हणाले. कोण वाचतो?

तिसरी जप्तीची. अमली पदार्थांच्या विक्रीसाठी जाणूनबुजून जागा देणे हा केंद्रीय कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अशी मालमत्ता सरकार जप्तही करू शकते. ओबामांच्या काळात, २०१३ मध्ये, राज्यांनी मान्यता दिलेल्या धंद्यांच्या मागे लागू नका अशा सूचना सरकारी वकिलांना गेल्या होत्या. जानेवारी २०१८ मध्ये त्या मागे घेतल्या गेल्या. प्रत्यक्षात अशी जप्ती करायला सरकारी वकील सहसा धजावत नाहीत. पण निवृत्तीसाठीची एकुलती एक पुंजी 'सहसा'वर ठेवायची का?

चौथी माझ्या विषयाची: भाडेकरूला ते भाडे खरोखर झेपणार होते का? केंद्रीय प्राप्तिकराच्या २८०-ई कलमानुसार अशा धंद्याला मालाची किंमत तेवढी वजा करता येते, भाडे, पगार, वीज, पहारेकरी यांचा खर्च नाही. समजा १०० डॉलरची विक्री झाली, ६० चा माल गेला, ४० उरले, आणि भाडे-पगार वगैरे मिळून ३० खर्च झाले. साधा दुकानदार उरलेल्या १० वर २१ टक्के म्हणजे २.१० डॉलर कंपनी कर भरतो. गांजाचा दुकानदार ४० वर भरतो, म्हणजे ८.४०. त्याच्या हातात उरतात १.६०. अशा भाडेकरूने दुप्पट भाडे दहा वर्षे देऊ केले तर मालकाने हरखून जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. हे मी काकांना सांगितले, पण स्प्रेडशीट पाठवल्यानंतर. आधी सांगायला हवे होते.

विचारात घेतलेले पर्याय

काकांचा पहिला तोडगा अगदी आपल्याकडचा होता: काकूंचा हिस्सा काकांच्या नावावर करायचा, मग सही एकट्याची. कागदावर सोपे होते. पण मालकी बदलायला बँकेची परवानगी हवी, आणि ती मागायची तर कारण सांगायला हवे. शिवाय दोघांचे टॅक्स रिटर्न एकत्र, बँक खाते एकत्र, भाड्याचे पैसे याच घरात येणार. वकीलबाई म्हणाल्या, ऐन अर्ज चालू असताना केलेली ही फिरवाफिरव उलट डोळ्यांत भरेल.

दुसरा पर्याय, काकूंचा अर्ज मागे घ्यायचा आणि काही वर्षांनी पुन्हा भरायचा. हा काकांच्या तोंडून एकदाच निघाला. त्यावर घरात जी शांतता पसरली तिचे वर्णन मला मुलाने केले. ते मी लिहीत नाही.

तिसरा, राखीव रक्कम घ्यायची, दहा वर्षांच्या करारावर मात्र नंतर बघू म्हणायचे. मुलाला हे पटत होते. दुकान उघडलेच नाही तर विक्री नाही, विक्री नाही तर गुन्हा कुठला? युक्तिवाद चलाख होता. पण त्या राखीव रकमेचा हेतू कागदावर स्वच्छ लिहिलेला होता, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंपनीने गावाकडे संमती मागितली की मालकांची नावे जाहीर सभेच्या कागदपत्रांत येणार होती.

चौथा, नाही म्हणायचे आणि गाळा कमी भाड्याने दुसऱ्या कुणाला द्यायचा. पाचवा होता प्लाझाच विकण्याचा, पण २०२१ च्या वसंतात एक गाळा रिकामा आणि एकाचे भाडे अर्धवट असलेला प्लाझा कुणी चांगल्या भावाने घेतला नसता. तो विषय पाच मिनिटांत संपला.

गावाची बाजू

इकडे हे चालू असताना गावालाही ठरवायचे होते. नव्या कायद्याने प्रत्येक गावाला १८० दिवस दिले होते, २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत. तोवर बंदीचा ठराव केला नाही तर पुढची पाच वर्षे दुकानांना आपोआप मोकळीक. बंदी केली तर ती नंतर केव्हाही उठवता येते. घरपोच सेवा मात्र कुठल्याच गावाला अडवता येत नाही. आता नगरसेवकाच्या जागी बसून बघा: 'हो'ला पाच वर्षांचे कुलूप, 'नाही'ला उघडा दरवाजा. त्यात गांजाच्या धंद्याचे नियम करणाऱ्या राज्याच्या आयोगाची पहिली नियमावली आली १९ ऑगस्टला, मुदतीच्या दोन दिवस आधी. नियम न वाचताच हो किंवा नाही म्हणायचे होते. राज्यातल्या ५६५ पैकी सुमारे ४०० गावांनी बंदी केली. त्यांतल्या कितीतरी गावांतल्या मतदारांनी नऊ महिन्यांपूर्वी 'हो'चा गोल भरलेला होता.

काकांच्या गावातली सुनावणी जुलैत झूमवर झाली. प्रत्येकाला तीन मिनिटे. बोलणाऱ्यांत आपले लोक बरेच होते: गुजराती, तेलुगू, दोन मराठीही. "आम्ही शाळा बघून या गावात घर घेतलं," हे वाक्य निदान पाच जणांनी म्हटले. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले की दारूची दुकाने चार आहेत, त्यांना कुणी काही म्हणत नाही. एका तरुण बाईने केमोथेरपीच्या दिवसांबद्दल सांगितले, तेव्हा पडद्यावर कुणीच काही बोलले नाही. काका कॅमेरा बंद करून ऐकत होते. मंडळाच्या गणपतीतल्या ओळखीच्या एका बाईंनी बोलता बोलता म्हटले, "आपल्यातलेच कोणीतरी जागा देणार आहेत असं ऐकलंय." नाव घेतले नाही. काकांनी लॅपटॉप मिटला.

हायवेलगतच्या व्यापारी पट्ट्यात, दोनच दुकाने, अशी मर्यादित परवानगी नगरपरिषदेला देता आली असती. कायद्यात तशी सोय होती. त्यावर दहा मिनिटे चर्चा झाली आणि मुदतीत आखणी बसणार नाही म्हणून ती सोडून दिली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सरसकट बंदीचा ठराव झाला.

काय ठरले

खरे तर काका-काकूंचा निर्णय त्याआधीच झाला होता, मे महिन्यातल्या एका रविवारी. काकू मटार सोलत होत्या, काका समोर करार घेऊन बसले होते, मी स्पीकरफोनवर. काकूंनी करार हातात घेतला नाही. म्हणाल्या, "अहो, तुम्ही मत देताना नाही म्हणालात आणि भाडं घ्यायला हो म्हणताय. मला मत देता आलं असतं तर मी हो म्हटलं असतं, आणि सही मात्र करणार नाही. बघा काय वेळ आणलीय."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग मला म्हणाले, "कळव त्याला."

दलालाला दोन ओळींचा नकार गेला. वकीलबाईंच्या सल्ल्याने आधीचे सगळे ईमेल आणि नकाराची प्रत एका फाईलमध्ये तारखेनिशी लावून ठेवली. कुणी विचारलेच तर दाखवायला.

पुढे काय झाले

राज्यात करमणुकीच्या गांजाची विक्री २१ एप्रिल २०२२ ला सुरू झाली, डझनभर दुकानांत, आणि ती सगळी आधीपासून औषधी गांजा विकणाऱ्यांची होती. पहिल्याच दिवशी सुमारे १९ लाख डॉलरची विक्री झाली. स्वतंत्र किरकोळ दुकानांचे अर्ज त्या मार्चमध्ये कुठे घ्यायला सुरुवात झाली होती. म्हणजे काकांनी सही केली असती तरी निदान वर्ष-दीड वर्ष गाळ्यात कराटेच्या मॅटच राहिल्या असत्या, आणि गावाच्या बंदीनंतर तर दुकान उघडायचा प्रश्नच उरला नसता. देकार देणाऱ्या कंपनीचे पुढे काय झाले कळले नाही. दलालाचा ईमेल आता परत येतो.

२०२२ च्या सुरुवातीला एका फिजिओथेरपिस्टने गाळा घेतला. भाडे कराटेवाल्यापेक्षा थोडे कमी, पाच वर्षांचा करार. काकूंची मुलाखत त्याच वर्षी झाली. अमली पदार्थांविषयीचे ठरलेले प्रश्न आले, उत्तरे 'नाही', आणि अधिकारी पुढच्या पानावर गेला. एलएलसीबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. काका अधूनमधून म्हणतात की एवढे घाबरायची गरजच नव्हती. काकू म्हणतात, विचारलं नाही कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. दोघांचेही बरोबर असू शकते.

दोन वर्षांनी गावाने बंदी उठवली आणि हायवेच्या पट्ट्यात दोन दुकानांना परवानगी दिली. २०२१ मध्ये दहा मिनिटांत सोडून दिलेली तीच योजना. काकांचा प्लाझा त्या पट्ट्यात बसत होता. पण गाळ्यात फिजिओथेरपिस्ट होता, आणि बाविसावे पान होते तिथेच होते. दुकान अर्ध्या मैलावर, एका बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत उघडले.

पुन्हा वेळ आली तर

काकांनी आधी काकूंना आणि मग दलालाला फोन करायला हवा होता, हे ते स्वतःच मान्य करतात. त्या चार ईमेलनी प्रत्यक्षात नुकसान केले नाही, पण मुलाखतीपर्यंत काकूंची झोप घालवली.

माझी चूक मी वर सांगितली आहे. आता माझ्याकडे कुणी मालमत्तेचा करार घेऊन आले की मी भाड्याआधी तीन गोष्टी विचारतो: मालकांपैकी कुणाचा इमिग्रेशनचा अर्ज चालू आहे का, कर्जाच्या करारात कायदेपालनाचे कलम कसे लिहिले आहे, आणि भाडेकरू त्याचा कर कसा भरतो. विमा कंपनीचे मत त्या वेळी कुणीच विचारले नाही, मीही नाही.

सार्वमताबद्दल म्हणाल तर प्रश्न आणखी लांबलचक हवा होता असे मला वाटत नाही. लांब प्रश्न कुणी वाचत नाही. पण आधी नियमावली आणि मग गावांची मुदत, एवढा साधा क्रम विधिमंडळाला ठेवता आला असता. 'हो' आणि 'नाही' दोन्हींना सारखेच कुलूप लावले असते, तर नगरपरिषदांनी निदान नकाशा उघडून पाहिला असता.

फिजिओथेरपिस्टचा करार २०२७ मध्ये संपतो. गेल्या हिवाळ्यात एका वेगळ्या दलालाचा फोन आला होता. काकू आता नागरिक आहेत, मतदानही करतात. काकांनी त्याचा नंबर फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिला. या वेळी काकूंना विचारून लिहिला, आणि त्याखाली काकूंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'बँक?'